०३/०४/२०२४ म्हणजे नक्की कधी? पायथनमध्ये तारीख-वेळ वाचायला शिकताना

समजा, हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब पायथनने जुळवायचा आहे. हाताशी तीन गोष्टी आहेत: बँकेच्या स्टेटमेंटची सीएसव्ही फाइल, सभासदांनी भरलेल्या गूगल फॉर्मची शीट आणि सेक्रेटरींनी मराठीत टाइप केलेली पावत्यांची यादी. बँकेच्या फाइलमध्ये ०३/०४/२०२४ म्हणजे ३ एप्रिल. गूगल शीटचं लोकेल (देश-भाषेचं सेटिंग) अमेरिकेचंच राहिलं असेल, तर तिथल्या ३/४/२०२४ चा अर्थ ४ मार्च. सेक्रेटरींनी लिहिलंय, ‘दि. ३ एप्रिल २०२४ रोजी सायं. ६.३० वा.’ प्रोग्रामच्या लेखी हे तिन्ही म्हणजे नुसता मजकूर, एकापुढे एक मांडलेली चिन्हं. त्यातून खरी तारीख काढायची, म्हणजे जिच्यात दिवस मिळवता येतील आणि जिची दुसरीशी तुलना करता येईल अशी. यालाच पार्सिंग म्हणतात.

व्हेरिएबल, लूप आणि फंक्शन इतपत पायथन येत असेल तर पुढचं सगळं जमेल. कोडमधली नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत करायची. फाइलमधले आकडेही, वेगळं सांगितलं नसेल तिथे, इंग्रजीच समजा. अक्षर लहान की मोठं याने इथे अर्थ बदलतो, म्हणून ‘लहान एम’, ‘मोठा एम’ असं दरवेळी स्पष्ट लिहिलंय.

पायरी १: आधी मजकूर जसा आहे तसा बघा

सीएसव्ही फाइल आली की डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडायची, ही सवय तारखांच्या बाबतीत घातक आहे. एक्सेल फाइल उघडतानाच तारखा ओळखायला जातं, तेही तुमच्या कॉम्प्युटरच्या प्रादेशिक सेटिंगनुसार. सेटिंग अमेरिकेचं असेल तर ०३/०४/२०२४ चा मुकाट्याने ४ मार्च होतो, आणि १३/०४/२०२४ ला तेरावा महिना सापडत नाही म्हणून तो मजकूरच राहतो. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे दिसल्या, तर हाच घोटाळा झालेला असतो. त्यावर सेव्ह केलं की मूळ माहिती गेली. म्हणून फाइल नोटपॅडमध्ये किंवा कोड एडिटरमध्ये उघडा.

मग पायथनमध्ये पहिल्या वीसेक ओळी छापून बघा, पण नुसत्या प्रिंटने नको. मजकूर रेप्र या फंक्शनमधून (आर-ई-पी-आर) काढून छापा. शेवटी राहिलेली मोकळी जागा, ओळ संपल्याची खूण, मध्येच घुसलेला टॅब हे सगळं त्यात उघडं पडतं. ‘तारीख तर बरोबर दिसतेय, मग एरर का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं. स्ट्रिप फंक्शनने दोन्ही टोकं साफ करून पुढे जा.

दिवस आधी की महिना आधी, हे ठरवायला पूर्ण रकाना चाळा. पहिल्या जागी कुठेतरी १२ पेक्षा मोठा आकडा असेल तर दिवस आधी आहे. दुसऱ्या जागी असेल तर महिना आधी. दोन्ही जागी सापडला, तर कोणीतरी दोन फाइली एकत्र चिकटवल्यात. त्या आधी सुट्या करा. कुठेच सापडला नाही, तर ओळींचा क्रम बघा: स्टेटमेंट तारीखवार असतं, त्यामुळे कोणत्या वाचनाने क्रम सरळ लागतो ते कळतं. आणि एवढं करूनही उलगडा झाला नाही, तर फाइल पाठवणाऱ्याला फोन करा. एकट्या ०३/०४/२०२४ कडे बघून जगातली कुठलीही लायब्ररी खरं उत्तर देऊ शकत नाही, कारण ते उत्तर त्या मजकुरात नाहीच.

पायरी २: साचा लिहून द्या

पायथनच्या डेटटाइम मॉड्यूलमध्ये त्याच नावाचा क्लास आहे आणि त्यात आपल्या कामाची दोन फंक्शन्स. स्ट्र-पी-टाइम मजकुरातून तारीख काढतं, स्ट्र-एफ-टाइम तारखेचा मजकूर करतं. मधला ‘पी’ पार्सचा आणि ‘एफ’ फॉरमॅटचा, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

स्ट्र-पी-टाइमला दोन गोष्टी द्यायच्या: मजकूर आणि साचा. साच्यात प्रत्येक भागासाठी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला लागून एक अक्षर. बँकेच्या तारखेचा साचा होईल: टक्का लहान डी, तिरकी रेघ, टक्का लहान एम, तिरकी रेघ, टक्का मोठा वाय. मजकुरात तिरक्या रेघेऐवजी आडवी रेघ किंवा टिंब असेल, तर साच्यातही तेच हवं.

रोज लागणारी अक्षरं फार नाहीत:

लहान डी: दिवस (सुरुवातीचं शून्य नसलं तरी चालतं)
लहान एम: महिना आकड्यात
मोठा वाय: चार आकडी वर्ष, लहान वाय: दोन आकडी वर्ष
मोठा एच: २४ तासांच्या घड्याळातला तास, मोठा आय: १२ तासांच्या घड्याळातला
मोठा एम: मिनिटं, मोठा एस: सेकंद
लहान पी: एएम किंवा पीएम
लहान बी: महिन्याचं छोटं नाव; मोठा बी: पूर्ण नाव
लहान झेड: यूटीसीपासूनचं (जागतिक प्रमाणवेळेपासूनचं) अंतर, उदाहरणार्थ +०५:३०

यात फसण्याच्या जागा आहेत, आणि सगळ्या सारख्या नाहीत. काही चुका लगेच ओरडतात. १५/०८/२०२४ ला चुकून लहान वाय लावला, तर तो ‘२०’ एवढंच वर्ष समजून घेतो आणि ‘अनकन्व्हर्टेड डेटा रिमेन्स: २४’ अशी एरर देतो. म्हणजे साचा संपला, मजकूर उरला. ‘डझ नॉट मॅच फॉरमॅट’ म्हणजे साचा मजकुरावर बसलाच नाही. या एरर वाचून पाच मिनिटांत चूक सापडते.

भीती वाटावी ती न ओरडणाऱ्या चुकांची. त्याच १५/०८/२०२४ ला महिन्याच्या जागी मोठा एम लिहून बघा. एरर येत नाही. ०८ ही मिनिटं समजली जातात, महिना दिलाच नाही म्हणून तो आपोआप जानेवारी होतो, आणि हातात येते १५ जानेवारी २०२४, रात्रीचे बारा वाजून आठ मिनिटं. रकान्यातल्या सगळ्या तारखा जानेवारीच्या निघाल्या तर कारण बहुधा हेच. दुसरी तशीच चूक वेळेतली: ‘०६:३० पीएम’साठी मोठा एच आणि लहान पी अशी जोडी लावली, तर पीएमकडे सरळ दुर्लक्ष होतं आणि संध्याकाळची पावती सकाळी साडेसहाची होते. लहान पी फक्त मोठ्या आयबरोबरच काम करतो.

दोन आकडी वर्षाचा नियम ठरलेला आहे: ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८, आणि ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९. सभासदाची जन्मतारीख १२/०३/६५ असेल तर तो २०६५ साली जन्माला येतो. जन्मतारखांसाठी साधी तपासणी ठेवा: तारीख आजच्या पुढची निघाली तर वर्षातून १०० वजा करा.

वर्ष नसलेल्या तारखाही सांभाळून. वाढदिवसांच्या यादीत नुसतं २९/०२ असेल आणि साच्यात दिवस-महिनाच असतील, तर पायथन वर्ष १९०० धरतं. १९०० ला १०० ने भाग जातो, पण ४०० ने जात नाही, त्यामुळे ते लीप वर्ष नव्हतं, आणि २९ फेब्रुवारीला एरर येते. पायथन ३.१३ पासून अशा वापरावर इशाराही मिळतो. उपाय सोपा: मजकुराला आधी एखादं लीप वर्ष जोडा, मग पार्स करा.

पायरी ३: चुकलेल्या ओळी वेगळ्या काढा

पार्सिंग ट्राय आणि एक्सेप्टमध्ये (एरर आली तरी प्रोग्राम न थांबता काय करायचं ते सांगणारी जोडी) ठेवा आणि व्हॅल्यूएरर पकडा. पकडल्यावर काय करता हे जास्त महत्त्वाचं. तिथे ‘पास’ लिहून पुढे जाऊ नका, आणि रिकाम्या जागी आजची तारीख तर अजिबात भरू नका. ओळीचा क्रमांक आणि मूळ मजकूर वेगळ्या यादीत टाका, शेवटी ती यादी छापा. हजार ओळींत सात चुकल्या तर त्या माणसाने डोळ्यांनी बघायच्या.

‘एक साचा चालला नाही तर दुसरा लावून बघ’ असं फंक्शन लिहायचा मोह सगळ्यांना होतो. एका अटीवर लिहा: दिवस-आधी आणि महिना-आधी असे दोन्ही साचे एकाच यादीत येता कामा नयेत. नाहीतर १३ तारखेपासून पुढचे दिवस बरोबर लागतील आणि १ ते १२ मधले चुकीच्या महिन्यात जाऊन बसतील. त्यापेक्षा डिक्शनरी करा, ‘बँक’साठी हा साचा, ‘फॉर्म’साठी तो. साचा फाइल कुठून आली यावरून ठरला पाहिजे.

अंदाजाने वाचणारी लायब्ररी हवी असेल तर डेटयुटिल आहे. ती बऱ्याच प्रकारचा मजकूर वाचते, पण वेगळं सांगितलं नाही तर महिना आधी धरते: १२/०५/२०२४ चा ५ डिसेंबर, आणि पुढच्याच ओळीतल्या १३/०५/२०२४ चा मात्र १३ मे. शिवाय मजकुरात जे नसेल ते आजच्या तारखेवरून भरते. स्वतःच्या प्रयोगांना ठीक, पैशांच्या हिशोबाला मी वापरणार नाही.

पांडाज (तक्त्यांतली माहिती हाताळायची लायब्ररी) वापरत असाल तर टू-डेटटाइमला फॉरमॅट द्याच. आवृत्ती २.० च्या आधी ते साचा न दिल्यास प्रत्येक ओळीचा वेगळा अंदाज करायचं. आता पहिल्या मूल्यावरून साचा ठरवून तोच सगळ्यांना लावतं. सुधारणा आहे, पण पहिलीच ओळ ०३/०४ असेल तर सुरुवातच अमेरिकन पद्धतीने होते. एरर्सला ‘कोअर्स’ दिलं की न जमलेल्या जागी ‘नॅट’ (म्हणजे ‘तारीख नाही’) येतं. ती किती आली हे मोजल्याशिवाय पुढची ओळ लिहू नका.

पायरी ४: मराठी तारखा

आता सेक्रेटरींची यादी. इथे तयार साचा मिळणार नाही. लोकेल मराठी करून मोठा बी वापरता येईल असं वाटतं, पण ते लोकेल त्या मशिनवर असायला लागतं, आणि बदललं की पूर्ण प्रोग्रामला लागू होतं. स्वतःची डिक्शनरी बारा ओळींची आहे, तीच करा.

आकड्यांपासून सुरुवात. ‘२०२४’ हे देवनागरीत असलं तरी पायथनचं इंट फंक्शन ते नीट पूर्णांकात बदलतं, काहीही वेगळं करावं लागत नाही. स्ट्र-पी-टाइम मात्र दिवस आणि महिन्याच्या जागी देवनागरी आकडे घेत नाही, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नका. मेकट्रान्स आणि ट्रान्सलेट वापरून दहाही देवनागरी आकडे आधीच इंग्रजी करून घ्या.

मग ‘दि.’ आणि ‘रोजी’ काढून टाका, उरलेल्याचे मोकळ्या जागेवर तुकडे करा, मधला तुकडा डिक्शनरीत शोधा. जानेवारी १, फेब्रुवारी २, असं डिसेंबर १२ पर्यंत. इथे एक खास आपल्याकडची अडचण येते. ‘ऑगस्ट’ आणि ‘ऑक्टोबर’ मधला ‘ऑ’ युनिकोडमध्ये एकच स्वतंत्र अक्षर आहे, पण जुन्या फॉन्टमधून बदललेल्या मजकुरात तो पुष्कळदा ‘आ’ आणि त्यावर सुटी अर्धचंद्राची खूण असा दोन चिन्हांचा असतो. डोळ्यांना फरक जवळजवळ कळत नाही, डिक्शनरीला मात्र ते दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नॉर्मलायझेशन करूनही हे दोन एक होत नाहीत, कारण युनिकोड त्यांना समान मानतच नाही. म्हणजे रिप्लेसने आपणच बदलायचं. ‘नोव्हेंबर’च्या शेजारी ‘नोव्हेम्बर’, ‘जुलै’च्या शेजारी ‘जुलाई’ हेही डिक्शनरीत घालून ठेवा; लोक लिहितात.

वेळेचा मामला जास्त मजेदार आहे. ‘६.३०’ हा फ्लोट (दशांश संख्या) नाही. फ्लोट केलात तर ६.३ होतो आणि मिनिटं तीन की तीस हे कळत नाही. मजकूर म्हणूनच टिंबावर तोडा. ‘स.’ असेल तर तास तसाच. ‘दु.’ असेल तर १२ तसाच, १ ते ४ मध्ये १२ मिळवा. ‘सायं.’ला १२ मिळवा. साडेसहा, सव्वासात, पावणेआठ असं अक्षरी लिहिलं असेल तर साडेला ३० मिनिटं पुढे, सव्वाला १५ पुढे, पावणेला १५ मागे. दीड आणि अडीच सरळ यादीत टाका.

‘रात्री’ला मात्र एक नियम पुरत नाही. रात्री ९ म्हणजे २१ वाजता, सोपं आहे. पण ‘शनिवार, दि. ३ ऑगस्ट रोजी रात्री १२.३० वा. टँकर आला’ असं वॉचमनच्या वहीवरून टाइप केलेलं असेल, तर? आपल्या बोलण्यात ती शनिवारचीच रात्र, कॅलेंडरमध्ये मात्र ४ ऑगस्ट, रविवार उजाडलेला असतो. लिहिणाऱ्याने तारीख बदलली होती की नाही हे प्रोग्रामला कळायचा मार्ग नाही. ‘रात्री’ आणि तास १२ किंवा १ ते ३ असेल, तर ती ओळ पायरी ३ मधल्या तपासायच्या यादीत टाका.

पायरी ५: कुठली वेळ?

आतापर्यंत काढलेल्या तारखांना टाइमझोन नाही. पायथनच्या भाषेत त्या ‘नाइव्ह’. ज्यांना झोन आहे त्या ‘अवेअर’. दोन्हींची लहान-मोठी तुलना करायला गेलात तर टाइपएरर येते, आणि ते चांगलंच आहे.

पेमेंट गेटवे किंवा सर्व्हरकडून आलेल्या वेळा बहुधा यूटीसीत असतात: वर्ष-महिना-दिवस, मग टी, मग वेळ, शेवटी झेड. ही आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाची पद्धत, आणि तिच्यासाठी साचा लिहायची गरज नाही. फ्रॉम-आयएसओ-फॉरमॅट हे फंक्शन आहे. ते पायथन ३.७ मध्ये आलं, पण शेवटचा झेड त्याला ३.११ पासून कळतो. जुनं पायथन असेल तर झेडच्या जागी +००:०० ठेवून द्या.

भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणून यूटीसीत संध्याकाळचे साडेसहा वाजले की आपल्याकडे तारीख बदलते. ३१ मार्च २०२४ ला यूटीसी १९:१० वाजता आलेला मेंटेनन्स प्रत्यक्षात १ एप्रिलला रात्री १२:४० ला आला, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात. ऑडिटरने विचारल्यावर हे शोधत बसण्यापेक्षा आधीच बदलून घ्या: झोनइन्फो मॉड्यूल (पायथन ३.९ पासून), झोनचं नाव ‘एशिया/कोलकाता’, आणि ॲज-टाइमझोन फंक्शन. विंडोजवर सोबत टीझेडडेटा हे पॅकेज बसवावं लागतं.

ॲज-टाइमझोन आणि तारखेचं रिप्लेस (पायरी ४ मधलं मजकुराचं नव्हे) यांची गल्लत करू नका. ॲज-टाइमझोन घड्याळाचे काटे फिरवून दुसऱ्या झोनची वेळ देतं. रिप्लेस काटे तसेच ठेवून नुसतं लेबल लावतं. बँकेच्या स्टेटमेंटमधली वेळ भारतीयच आहे, फक्त तसं लिहिलेलं नाही. तिथे रिप्लेस बरोबर. सर्व्हरच्या यूटीसी वेळेला रिप्लेस लावलं तर साडेपाच तास हवेत जातात.

जुन्या कोडमध्ये पायटीझेड लायब्ररी दिसेल. तिचा कोलकाता झोन रिप्लेसने सरळ चिकटवला की अंतर +५:३० ऐवजी +५:५३ येतं, कारण यादीतली पहिली नोंद तिथल्या जुन्या स्थानिक वेळेची असते. तेवीस मिनिटांचा फरक दिसला की दुसरीकडे शोधू नका. मुंबईची स्वतःची वेळही होती, यूटीसीच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही ती शहरात कित्येक दशकं चालू होती. ‘एशिया/कोलकाता’मध्ये तिचा पत्ता नाही, तेव्हा जुन्या मुंबईच्या नोंदींवर काम करणाऱ्यांनी हे हाताने सांभाळायचं.

मजकुरात ‘आयएसटी’ लिहिलेलं असेल तर त्यावर भरवसा नको. इस्राएल आणि आयर्लंडही तीच तीन अक्षरं वापरतात, आणि मोठ्या झेडने ती वाचली तरी निघणारी तारीख नाइव्हच राहते. गूगल फॉर्मची वेळ शीटच्या टाइमझोनप्रमाणे नोंदली जाते, भरणाऱ्याच्या नाही. एखाद्या फ्लॅटमालकाने न्यू जर्सीतून फॉर्म भरला तरी शीट भारतीय वेळेवर असेल तर नोंद भारतीयच. शीटच्या सेटिंगमध्ये एकदा बघून घ्या.

पायरी ६: तारखेच्या जागी नुसता आकडा आला तर

१७२३६८०००० असा दहा आकडी नंबर म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. हा विशिष्ट नंबर १५ ऑगस्ट २०२४, भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाच. तेरा आकडी असेल तर मिलिसेकंद. १००० ने भागा, नाहीतर वर्ष मर्यादेबाहेर गेल्याची एरर येईल. फ्रॉम-टाइमस्टॅम्पला झोन न विसरता द्या.

४५५१९ असा पाच आकडी नंबर एक्सेलचा. ३० डिसेंबर १८९९ मध्ये तेवढे दिवस मिळवा, १५ ऑगस्ट २०२४ मिळेल. सुरुवात १ जानेवारी १९०० ऐवजी अशी तिरपागडी, कारण एक्सेल १९०० ला लीप वर्ष धरतं. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्राममध्ये ती चूक होती आणि त्याच्या फाइली जुळाव्यात म्हणून एक्सेलने ती तशीच घेतली.

पायरी ७: साठवणं आणि तपासणं

एकदा तारीख हाताला लागली की पुन्हा ०३/०४ च्या रूपात साठवू नका. आयएसओ-फॉरमॅट फंक्शनने वर्ष-महिना-दिवस अशी लिहा. नुसता मजकूर म्हणून क्रम लावला तरी तारखांचा क्रम बरोबर लागतो. दिवस-महिना-वर्ष ही मांडणी फक्त पावती छापताना.

आणि तुमचं फंक्शन खऱ्या फाइलवर सोडण्याआधी त्याला हे मजकूर देऊन बघा. २९/०२/२०२४ चाललं पाहिजे. २९/०२/२०२३ ला एरर आली पाहिजे. ३१/०४/२०२४ लाही. ‘१२:१५ एएम’ म्हणजे ००:१५ आणि ‘१२:१५ पीएम’ म्हणजे १२:१५ निघालं पाहिजे. ‘दि. ५ ऑगस्ट २०२४’ दोन्ही प्रकारच्या ‘ऑ’ने. शेवटी मोकळी जागा असलेली तारीख. रिकामा मजकूर. ‘-’ एवढंच. आणि ‘मागच्या महिन्यात दिले’, कारण यादीत कुठेतरी तेही असणारच.